तुम्ही विचारलंत म्हणून: रिफ्रेशर कधी लावू?

नाशिकच्या कुठल्याही महाविद्यालयात जून उजाडला की स्टाफरूममध्ये रिफ्रेशरबद्दल, म्हणजे प्राध्यापकांना पदोन्नतीसाठी लागणाऱ्या उजळणी कोर्सबद्दल, हा प्रश्न ठरलेला: "सर, पुढचा रिफ्रेशर कधी आहे? कुठे लावू?" त्याच्या मागोमाग कार्यालयातून दुसरा येतो: "आमच्यासाठी काही असतं की सगळं प्राध्यापकांनाच?" आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम बघणाऱ्या माणसाला ही दोन्ही उत्तरं तोंडपाठ असावी लागतात.

तारखा सापडणं सोपं आहे. पूर्वीच्या एचआरडीसी, म्हणजे विद्यापीठांतल्या शिक्षक प्रशिक्षणाच्या संस्था, आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाल्या. 2023 च्या सप्टेंबरात हे मिशन सुरू झालं. पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगर ही आपल्याला सोयीची केंद्रं. मिशनच्या पोर्टलवर केंद्रांचे कार्यक्रम दिसतात आणि बरेचसे ऑनलाइन असल्यामुळे चाकणच्या कोंडीत अडकायचं कारण उरलेलं नाही. अडचण तारखांची नसतेच. तुमच्या पदोन्नतीच्या फाइलला नेमकं काय कमी आहे, हे न बघता कोर्स लावला जातो आणि छाननीच्या दिवशी तो बाजूला पडतो.

म्हणून आधी आपली ड्यू डेट, म्हणजे वरच्या वेतन लेव्हलला पात्र होण्याची तारीख, काढा. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे नियम राज्याने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने लागू केले. लेव्हल 10 वरून 11 ला जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा. या टप्प्याला अध्यापनपद्धतीवरचं 21 दिवसांचं ओरिएंटेशन लागतंच. आज ते गुरुदक्षता, म्हणजे फॅकल्टी इंडक्शन, या महिनाभराच्या कार्यक्रमातून होतं. त्याच्या जोडीला एक रिफ्रेशर किंवा संशोधनपद्धतीचा कोर्स, नाहीतर पाच-पाच दिवसांच्या दोन कार्यशाळा किंवा एफडीपी (शिक्षक विकास कार्यक्रम), नाहीतर ई-प्रमाणपत्रासह एक मूक (MOOC), म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन, कोर्स. 11 वरून 12 ला पाच वर्षं, आणि दहा दिवसांचे दोन कार्यक्रम. दहा दिवसांचा एक जमत नसेल तर त्याच्या बदल्यात पाच दिवसांचे दोन चालतात. इथेही मूक कोर्सचा पर्याय आहे, पण तो आपल्या विषयाशी संबंधित हवा. गणिताच्या माणसाने केलेला योगाचा कोर्स तब्येतीला चांगला, फाइलला नाही.

प्रमाणपत्रावरच्या तारखा मूल्यमापनाच्या कालावधीतच पडायला हव्यात. एका प्लेसमेंटला, म्हणजे वरच्या लेव्हलला जाताना, वापरलेलं प्रमाणपत्र पुढच्या टप्प्याला पुन्हा जोडता येत नाही. ड्यू डेटच्या आधीच्या सहा महिन्यांत धावपळ करणारे नेमके इथे फसतात. बॅच भरलेली असते, पुढची मिळते ती ड्यू डेट उलटल्यावर. मग प्लेसमेंटची तारीख पुढे सरकते आणि थकबाकीही तिच्याबरोबर जाते. गुरुदक्षता नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उरकावी. ड्यूटी लीव्ह शैक्षणिक वर्षाला जास्तीत जास्त 30 दिवस मिळू शकते आणि हा एकच कार्यक्रम ती जवळपास संपवतो. त्याच वर्षी परिषदांचे बेत आखू नयेत.

ऑनलाइन कोर्स म्हणजे घरबसल्या सोय, असं समजून लोक कार्यमुक्ती आदेशच घेत नाहीत. सकाळी बायोमेट्रिकवर अंगठा, साडेदहाला वर्गात तास, आणि त्याच साडेदहाला कोर्सच्या हजेरीतही नाव! छाननी समितीत कुणी दोन कागद शेजारी ठेवले की उत्तर देता येत नाही. ऑनलाइन असला तरी प्राचार्यांचं ना हरकत पत्र, ड्यूटी लीव्हचा मंजूर अर्ज आणि कार्यमुक्तीचा आदेश हे तीन कागद प्रमाणपत्राला टाचून ठेवा. रुजू अहवाल चौथा. आणि परीक्षा किंवा कॅपच्या (केंद्रीय मूल्यांकनाच्या) पेपर तपासणीच्या दिवसांत अर्जच करू नका. प्राचार्यांनी सोडलं नाही म्हणून त्यांच्यावर रुसण्यात अर्थ नसतो, परीक्षा त्यांच्याही हातात नसते.

एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांचा, मार्ग शांत डोक्याच्या माणसासाठी उत्तम. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोन सत्रं. नावनोंदणी फुकट, परीक्षेला विषयामागे साधारण 1000 रुपये. नावनोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दरवर्षी कुणीतरी दुसरी विसरतं. बारा आठवडे व्हिडिओ पाहिले, हाती काही नाही. गुणांची विभागणी 25 आणि 75: साप्ताहिक असाइनमेंटना 25, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. परीक्षा झकास गेली तरी असाइनमेंट बुडवलेल्याला प्रमाणपत्र मिळत नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे दिवाळीतला एखादा आठवडा हुकला तरी चालतं. फॉर्ममधलं नाव सर्व्हिस बुकातल्या नावाशी अक्षरशः जुळवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमना याचा सर्वांत जास्त त्रास होतो.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. कायम नोकरीची वाट बघताना बायोडेटात भर पडते, एवढं तरी नक्की.

वॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'राष्ट्रीय' एफडीपींबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. शेवटच्या दिवशी गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र, हजेरी कुणी बघत नाही. लावायचीच तर आधी तीन गोष्टी तपासा: दिवस पूर्ण पाच आहेत का, रोजचं वेळापत्रक छापलंय का, आणि प्रमाणपत्रावर 'पासून-पर्यंत' तारखा येणार का. एक दिवसाच्या वेबिनारची पंचवीस प्रमाणपत्रं मिळूनही एक कार्यशाळा होत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांचा हिशेब निराळा. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न मंडळींनी वरचं सगळं बाजूला ठेवून वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स आणि जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन कोर्स हे दोन आधी करावेत. पदोन्नती त्यांच्यावर अडते.

आता कार्यालयातल्या मंडळींचं. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी आखलेले कार्यक्रम कमीच असतात, आणि असतात तेही प्रवेशाच्या गर्दीत, जेव्हा खिडकीवरून उठायला कुणालाच सवड नसते. पण मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात, गंगापूर धरणाजवळ आहे. बारावीवर थांबलेला कनिष्ठ लिपिक तिथून नोकरी सांभाळून बीए, बीकॉम करू शकतो. ग्रंथालय परिचराला पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली की वरच्या पदासाठी अर्ज करायची वाट उघडते. प्रवेश घेण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि निकाल लागल्यावर पदवीची नोंद सर्व्हिस बुकात करवून त्यावर सही बघा. नोंद नसलेली पदवी ज्येष्ठता यादी करणाऱ्याला दिसत नाही.

नाशिकमध्येच प्रत्यक्ष कार्यशाळा ठेवणाऱ्या विभागांनी 2027 चं कॅलेंडर आत्ताच समोर घ्यावं. सिंहस्थाची अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहेत. त्या काळात बाहेरच्या साधनव्यक्तींना खोली मिळणार नाही आणि पंचवटीतून गाडीही सहज निघणार नाही. कार्यशाळा जूनमध्ये किंवा दिवाळीनंतर ठेवा. प्रस्तावाच्या तारखा त्याप्रमाणे दोन-तीन महिने आधी धरा.