आधी स्पेसाइड, मग आयला: गोड आणि धुरकट माल्टच्या मागे स्कॉटलंड

माल्टसाठी, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीसाठी, स्कॉटलंडला जाणार असाल तर एवढं एकच पक्कं करा, ईशान्येचा गोड माल्टवाला स्पेसाइड आधी आणि पश्चिमेचं धुरकट माल्टवालं आयला बेट नंतर. उलटं केलं तर आयलाचा धूर जिभेवर ठाण मांडून बसतो आणि नंतरचं नाजूक, मधाळ काहीही पाणचट लागतं. आम्ही दोघं मित्र गेलो होतो, तो कट्टर शेरीवाला (शेरी म्हणजे स्पेनची कडक वाइन, तिच्या पिंपात मुरलेली व्हिस्की त्याला हवी), मी धूरवाला, त्यामुळे ट्रिपभर वाद फुल ऑन.

अॅबरडीनहून ट्रेनने एल्गिन आणि तिथून बसने डफटाऊन. गाडी भाड्याने घ्यायचा मोह होतो पण स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना लिमिट १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, इंग्लंडमध्ये ८०, म्हणजे टेस्टिंग केलं की स्टिअरिंगला हात लावायचा नाही, विषय संपला. कोणी चालवणारच असेल तर टूरच्या आधीच सांगा, बऱ्याच डिस्टिलरीज ड्रायव्हरच्या वाटणीचं छोट्या बाटलीत भरून देतात, ते रात्री रूमवर निवांत.

डफटाऊनला ग्लेनफिडिक आहे, १८८७ सालची, छान आहे पण गर्दी. मला विचाराल तर स्पेसाइडचा खरा क्लास क्रेगेलाकीच्या स्पेसाइड कूपरेजमध्ये भरतो, जिथे माणसं हातोड्याने लाकडी पिंपं सोलतात, ठोकतात, पुन्हा जोडतात. गोडवा येतो तो इथून. अमेरिकेत बर्बनसाठी (तिकडची मक्याची व्हिस्की) दरवेळी नवीन, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, तसा कायदाच आहे, मग वापरलेली पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला येतात आणि माल्टला व्हॅनिला, मध, खोबरं असला सूर देतात. शेरी मुरवलेली पिंपं स्पेनमधल्या हेरेथहून येतात, त्यातून मनुका, अंजीर, संत्र्याची साल. साखर मात्र कणभरही नसते, स्कॉचमध्ये गोड काही घालायला परवानगीच नाही. आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका, कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद दिसली म्हणजे शेरीची असं काही नसतं. शेरीचाच नाद असेल तर ग्लेनफार्क्लास चुकवू नका, त्यांच्या भट्ट्यांना अजून खालून थेट जाळ देतात. त्यांची १०५ नावाची बाटली ६० टक्के अल्कोहोलची आहे, पाणी घालून प्या, मर्दानगी दाखवायची ती जागा नाही. मॅकॅलनची २०१८ ची नवी इमारत बाहेरून बघण्यासारखी आहे, आतले दर बघून आम्ही फोटोवर भागवलं.

स्पेसाइडहून आयला एका दमात करू नका, ग्लासगोला मुक्काम टाका. तिथून बसने केनाक्रेग आणि मग फेरी, दोन तासांच्या थोडं वर. तिकीट पोर्ट एलनचं मिळतंय का बघा, पोर्ट अॅस्केग बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. वारा सुटला की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

पोर्ट एलनहून लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग अशी रस्त्याकडेने चालायची वाट आहे, साधारण ५ किलोमीटर, या ट्रिपमधला हा सगळ्यात भारी भाग. लाफ्रॉइगमध्ये थोडं माल्ट (इथे माल्ट म्हणजे व्हिस्की नाही, मोड आणलेला जव) अजून जमिनीवर पसरून, फावड्याने उलटून तयार करतात. भिजवून मोड आणलेला जव पीटच्या (दलदलीतली, जाळायला वापरतात ती माती) धुरावर सुकवायचा, ओल आहे तोवरच धूर चिकटतो, नंतर नाही. हा वास म्हणजे जुन्या दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन, एक तर पहिल्या घोटाला प्रेमात पडाल नाहीतर ग्लास शेजाऱ्याकडे सरकवाल. पीपीएमच्या, म्हणजे धुराचं प्रमाण सांगणाऱ्या आकड्यांनी भारावून जाऊ नका, आर्डबेगचे ५५ वगैरे म्हणतात ते माल्टमधलं माप, बाटलीतलं नाही, वाटेत बरंच गळतं. लागाव्हुलिन आणि कोल ईला यांचं माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून साधारण सारख्याच धुराचं येतं, तरी एक जाडजूड आणि दुसरी हलकी, कारण भट्टीचा आकार वेगळा आणि भट्टीतून येणाऱ्या धारेतला कुठला भाग ठेवायचा ते वेगळं.

लागाव्हुलिन १६ ला आमचा वाद अडला. धूर आहेच, पण मागून सुक्या मेव्याचा गोडवा येतो आणि शेरीवाला गप्प. धूर जवातून येतो, गोडवा लाकडातून, मग दोन्ही एका ग्लासात का नसावेत? त्यात आयलावरच्या बुनाहाव्हनचा नेहमीचा माल जवळपास बिनधुराचा, ब्रुकलॅडी तर बिनधुराचीही काढते आणि जगातल्या सगळ्यात धुरकट माल्टपैकी ऑक्टोमोरही तीच काढते. तिकडे स्पेसाइडमध्ये बेनरोमाकला हलका धूर. म्हणजे नकाशा बघून ऑर्डर देऊ नका, पीटेड आहे का आणि पिंप कुठलं, एवढं विचारा.

उपाशीपोटी पहिली डिस्टिलरी गाठू नका. आर्डबेगचा कॅफे चांगला आहे, व्हेजवाल्यांनी चीज आणि ओटकेक पिशवीत ठेवा. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. मे अखेरीस आयलावर फेस्टिव्हल असतो, तेव्हा जायचं तर रूम फार आधी बुक करा, नाहीतर ते दिवस टाळा.

एवढं लांब जमणार नसेल तर गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, त्यांच्या बोल्डला आयलाचंच पीट वापरतात. स्कॉटलंडमध्ये पिंपातली वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट, म्हणून तिथे मुरतेही लवकर.

खरेदीचं गणित: भारतात ड्यूटी न भरता माणशी २ लिटर. ७०० मिलीच्या तीन घेतल्या की २.१ होतात, कस्टमवाला अडवू शकतो. ७०० मिलीच्या दोन आणि २०० मिलीच्या तीन घ्या, बरोबर बसतं.