पंधरा माणसं आणि एक रिमोट

डिसेंबरात नागपूरचा सूर्य दक्षिणेला चांगलाच कललेला असतो. भर दुपारीही तो डोक्यावर येत नाही; दक्षिणेच्या खिडकीतून घरात शिरतो आणि टीव्हीच्या काचेवर मुक्काम ठोकतो. नाताळच्या सुट्टीत दुपारी दोनला सिनेमा लावणाऱ्या घरांत पहिला अर्धा तास पडदे ओढण्यात, खुर्च्या सरकवण्यात आणि "आता दिसते का?" विचारण्यात जातो. पडदा ओढला की आजी म्हणते, "ऊन काऊन अडवलं बाप्पा?" तिचं बरोबर आहे. अंगावर घ्यावंसं वाटेल असं ऊन या गावाला वर्षातून जेमतेम दोन महिने मिळतं. ते बाहेर ठेवून अंधारात दुसऱ्यांचा बर्फ बघत बसायचं म्हणजे काय! पंचवीस तारखेला सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. तेव्हा सिनेमा सव्वासहाला लावावा. मग पोरांची झोप आणि मोठ्यांची जेवणं सांभाळून सिनेमाच्या वाट्याला शंभरेक मिनिटं येतात.

म्हणून गोष्ट नंतर, आधी मिनिटं बघावीत. 'द मपेट ख्रिसमस कॅरल' (१९९२) ८५ मिनिटांचा. 'एल्फ' (२००३) आणि 'क्लाउस' (२०१९) शंभराच्या थोडे आत. 'होम अलोन' (१९९०) १०३. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) तब्बल १३०, म्हणजे भाकऱ्या आधी थापून ठेवायच्या किंवा मध्यंतर स्वतःच करायचं.

'होम अलोन'बद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा आक्षेप ठरलेला असतो. पोटचं पोरगं घरी राहिलं, ते आईला कळत कसं नाही? सिनेमाने याचं उत्तर फार चोख दिलं आहे, पण ते पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत आहे आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे चहा चाललेला असतो. घरात पंधरा माणसं, सगळी नाताळसाठी पॅरिसला निघालेली. रात्री पिझ्झावरून भांडण होतं, दूध सांडतं, आणि टेबल पुसता पुसता या पोराचं, केव्हिनचं, विमानाचं तिकीट ओल्या कागदांबरोबर कचऱ्यात जातं. शिक्षा म्हणून त्याला माळ्यावरच्या खोलीत झोपायला पाठवतात. रात्री वाऱ्याने फांदी मोडून तारांवर पडते, लाइट जाते, गजर वाजत नाही. (लाइट गेल्यावर काय काय बिघडतं, हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.) सकाळच्या धावपळीत डोकी मोजली जातात तेव्हा शेजारचा एक आगाऊ पोरगा गाडीतलं सामान उचकत असतो, तोच मोजणीत धरला जातो. लग्नाच्या बसमध्ये डोकी मोजणाऱ्या मामांचं होतं तसंच. फोनच्याही तारा तुटलेल्या, म्हणून पॅरिसला पोचल्यावर घरी फोन लागत नाही.

पटकथा जॉन ह्यूजची, दिग्दर्शन ख्रिस कोलंबसचं. एकही दुवा सैल नाही. त्यामुळे या सिनेमाला उशिरा येऊन बसणारा माणूस शेवटपर्यंत शंका काढत राहतो आणि बाकीच्यांची मजा घालवतो. चहा आधी उरकावा. मधला भाग मात्र सोशिक आहे. फोडणी देऊन, कुणाचा फोन घेऊन परत आलात तरी फार काही सुटत नाही. पोरं ज्याची वाट बघतात ती, केव्हिनने लावलेल्या सापळ्यांत घरात शिरणाऱ्या दोन चोरांची फजिती, शेवटच्या भागात येते. तोवर त्यांना रोखून धरणं हे काम आहे. मोठ्यांसाठी त्याआधीच एक प्रसंग येतो. चर्चमध्ये शेजारचा म्हातारा मार्ले केव्हिनच्या बाजूला येऊन बसतो. मुलाशी अबोला आहे, नातीचं गाणं ऐकायला म्हणून तो तालमीला आलेला. या वेळी हॉलमध्ये कोण एकदम गप्प होतं, ते बघू नये.

आईचा परतीचा प्रवासही नीट पाहण्यासारखा आहे. पॅरिसहून डॅलस, तिथून स्क्रँटन, तिथून पुढे पोल्का वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या गाडीतून शिकागोकडे. इतकी फरफट करून ती घरी पोचते आणि काही मिनिटांत बाकीचे आरामात येतात, कारण ते थांबून सरळ पुढच्या विमानाने आलेले असतात. यावर हॉलमधले सगळे पुरुष हसतात आणि बायका हसत नाहीत.

एक सूचना सिनेमा लावण्याआधी द्यायची, नंतर नाही. तोंडावर इस्त्री आदळली, डोक्यावर रंगाचा डबा बसला तरी हे दोन चोर उठून चालू लागतात. खऱ्या माणसाची कवटी फुटेल. आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं; पाच वर्षांच्याला कळेलच असं नाही, आणि पायाखाली पसरायला गोट्या प्रत्येक घरात असतात.

आवाजाची तक्रार तर सगळ्याच सिनेमांत. गाणं सुरू झालं की शेजारी ऐकू जातं आणि बोलणं सुरू झालं की आजोबा "काय म्हणला?" विचारतात. दोष आजोबांच्या कानांचा नसतो. सिनेमाचा आवाज पाच-सहा स्पीकर धरून बांधलेला असतो आणि बोलणं मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरसाठी राखलेलं. आपल्या टीव्हीला दोन बारके स्पीकर, तेही खाली किंवा पाठीमागे तोंड करून. सेटिंगमध्ये ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडावा, संवाद ठळक करण्याची सोय असेल तर ती चालू करावी. त्याच यादीत हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, ते बंद करावं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रं घालतो आणि लाखो डॉलरचा सेट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. सिनेमा आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवावा, आणि हिंदी आवाज आहे की नाही तेही तेव्हाच बघून घ्यावं. फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर पाठवायचा असेल, तर 'डू नॉट डिस्टर्ब' लावल्याशिवाय पाठवू नये. नाहीतर सांताच्या दाढीवर नणंदेचा मेसेज उमटतो आणि तो सगळे वाचतात.

गच्चीवर प्रोजेक्टर लावायची हौसही हल्ली वाढली आहे. चादर दुहेरी घ्यावी, एकेरीतून उजेड पलीकडे जातो. खालच्या कडेत काठी ओवावी, म्हणजे वाऱ्याने नटाचं नाक हलणार नाही. थंडीचा अंदाज मात्र घ्यावा. २०१८च्या डिसेंबरअखेर इथे पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. गोधड्यांत गुरफटलेल्या प्रेक्षकांतले निम्मे बर्फ बघायच्या आत झोपतात.

बर्फाचं एक आहे. कॉन्व्हेंट शाळांत शिकलेल्या नागपूरच्या दोन-तीन पिढ्यांना बर्फ म्हणजे कापूस हेच माहीत. सुरूची फांदी मातीच्या कुंडीत रोवायची, तिला चकाकत्या कागदाच्या माळा घालायच्या आणि औषधाच्या दुकानातून आणलेली कापसाची गुंडाळी पिंजून फांद्यांवर ठेवायची. पहाटे गव्हाणीतल्या बाळ येशूच्या अंगावरही थोडा कापूस, पांघरूण म्हणून. कापसाच्या मुलखात यापेक्षा वेगळं काय होणार? पण हॉलिवूडवाल्यांनी तरी कुठे खरा बर्फ वापरला! पूर्वी तिथे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरत. त्यावरून चाललं की इतका कुरकुर आवाज व्हायचा की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. दिग्दर्शक फ्रँक काप्राने 'इट्स अ वंडरफुल लाइफ'साठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण फवारून नवा बर्फ तयार करून घेतला आणि १९४६च्या भर उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात बर्फाळ गाव उभं केलं. हिवाळी कोट घातलेल्या नायकाच्या, जेम्स स्टुअर्टच्या, चेहऱ्यावर घाम दिसतो, तो निव्वळ अभिनय नव्हे.

खाण्याचं म्हणाल तर चिप्सची पिशवी हॉलमध्ये आणूच नये. सिनेमा बघताना खायला संत्र्याला तोड नाही. साल सैल असते, सोलताना आवाज होत नाही, फोडी वाटता येतात, आणि आंबिया बहाराचा माल तेव्हा बाजारात असतोच. बियांसाठी एक वाटी फिरती ठेवावी आणि ज्याने संत्रं सोललं त्याने रिमोटला हात लावू नये, बटणं चिकट होतात. विलायतेत नाताळच्या मोज्याच्या टोकाशी संत्रं ठेवायची जुनी रीत आहे. थंड देशात ते भर हिवाळ्यातलं अप्रूप होतं. नागपूरच्या पोराच्या मोज्यात संत्रं निघालं तर ते सांतालाच परत पाठवेल. त्याला प्लम केक पाहिजे, तोही सदरच्या बेकरीतला.

काही सिनेमे यादीतून आधीच काढून टाकावेत. 'लव्ह ॲक्च्युअली'चं पोस्टर भेटकार्डासारखं गोड आहे, पण आत अशी दृश्यं आहेत की आजोबांसमोर रिमोट सापडेनासा होतो. 'डाय हार्ड' नाताळचा की नाही, हा वाद कॉलेजच्या पोरांनी आपापल्या खोलीत घालावा. तो १९८८च्या जुलैमध्ये लागला होता आणि त्यात माणसं मरतात. 'ग्रेमलिन्स'मध्ये एक मुलगी सांताबद्दल अशी हकीकत सांगते की सांतावर विश्वास असलेलं मूल घरात असेल तर तो लावूच नये. 'पोलर एक्स्प्रेस'ची मोठ्यांना उगाच भीती वाटते. त्यातल्या माणसांचे डोळे निर्जीव आहेत हे खरं, पण आगगाडी झकास आहे, आणि पोरं आगगाडी बघतात.

मपेटांची, म्हणजे 'द मपेट ख्रिसमस कॅरल'मधल्या बोलक्या बाहुल्यांची, मात्र शिफारस. मायकेल केनने त्यात कंजूष म्हातारा स्क्रूज असा वठवला आहे की समोर बाहुल्या आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. भविष्याचं भूत येतं तेव्हा गोष्ट सांगणारे दोघे मपेट स्वतःच घाबरून पळतात, "शेवटी भेटू" म्हणून. मग घाबरायला पोरांनाही लाज वाटत नाही. भुताच्या गोष्टीत लहानांची इतकी सोय क्वचितच कुणी केली असेल.

भाषेचा प्रश्नच नको असेल तर 'द स्नोमॅन'. १९८२चा, २६ मिनिटांचा, संवाद नाहीत, मध्ये एकच गाणं. रेमंड ब्रिग्जच्या मूळ पुस्तकात नाताळ नव्हताच. सांता सिनेमावाल्यांनी घातला. शेवटी सकाळी बर्फाचा माणूस वितळलेला असतो. तीन-चार वर्षांचं मूल इथे हमखास रडतं, त्यामुळे हा झोपायच्या वेळी लावू नये, जेवणाआधी लावावा. भूक लागली की वरणभातापुढे दुःख टिकत नाही.

राहिला 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. १९७४ साली स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, अमेरिकेतल्या वाहिन्यांनी तो फुकट म्हणून दर नाताळात दाखवला आणि सुरुवातीला फारसा न चाललेला सिनेमा घरोघरचा झाला. गोष्ट एका छोट्या पतसंस्थेची आहे. ठेवी काढायला लोकांची झुंबड उडते तो प्रसंग आपल्याकडे कुणालाही समजावून द्यावा लागत नाही. पुढे आठ हजार डॉलर हरवतात. पतसंस्था चालवणारा जॉर्ज आपली विम्याची पॉलिसी घेऊन सावकाराच्या दारात जातो आणि सावकार त्याला सांगतो की जिवंत असण्यापेक्षा मेल्यावर तुझी किंमत जास्त आहे. मग तो पुलावर जाऊन उभा राहतो. शेवट आनंदाचा आहे, सगळं गाव पैसे घेऊन येतं. पण कर्जापायी जीव द्यायला निघालेला माणूस ही विदर्भात नुसत्या सिनेमातली गोष्ट नाही. सुट्टीत गावाकडून आलेल्या पाहुण्यांपैकी कुणाच्या घरी काय घडून गेलं आहे, ते आधी आठवून बघावं. जराही शंका असेल तर 'क्लाउस' लावावा. पोस्टमनची गोष्ट आहे, सगळ्यांना आवडते.