धुतल्यावर सैल होईल

रत्नागिरीत राहून स्वेटर विणणाऱ्या बाईकडे लोक जरा काळजीनेच बघतात. इथे जानेवारीत पहाटे 18-19 डिग्री झालं की आम्ही "यंदा थंडी बरी पडलीय हो" म्हणतो, पण ते कौतुक आंब्याच्या मोहोरासाठी असतं, स्वेटर कोण काढतंय, फार तर आजोबांची कानटोपी बाहेर येते. आणि मी तर विणतेय जुलैमध्ये. पागोळ्या गळतायत, चपलांना बुरशी आलीय, मिठाला पाणी सुटलंय, आणि मांडीवर हा लोकरीचा ढीग. लोकर म्हणजे आपली म्हणायची लोकर, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नाही, अ‍ॅक्रिलिकच ते. घामेजल्या हातातून धागा सरकत नाही, प्रत्येक टाका ओढून घ्यावा लागतो.

स्वेटर भाचीसाठी आहे. ती नोकरीनिमित्त शिमल्याला गेली आणि मावशीला उगाचच वाटलं की तिकडे स्वेटर मिळत नसतील.

तर शंका. पहिल्यांदा आली ती बॉर्डर झाल्यावर. 90 टाके घातले होते, 2 सुलट 2 उलट, आठ-दहा ओळी झाल्यावर धरून बघितलं तर हे एवढंसंच दिसलं. मनात म्हटलं बॉर्डर आखडतेच, तिचं कामच ते. बरोबरच आहे ना, उलट-सुलटची बॉर्डर आखडते हे कुणीही सांगेल, म्हणून मी पुढे निघाले आणि साधी वीण सुरू केली. ती वीतभर झाली तेव्हा परत वाटलं की अरुंद आहे. मग म्हटलं सुईवर गोळा झालंय म्हणून तसं दिसतंय.

मधे एका लग्नाला पनवेलला जायचं होतं, विणकाम बरोबर घेतलं. रत्नागिरी सोडली की थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत शिरलो की खिडकीत बघायला काही नसतं आणि फोनची रेंज पण जाते, म्हणून मी टाके मोजले. 90. परत मोजले. 90. मला खरं तर 84 किंवा 86 हवे होते! म्हणजे कुठेतरी टाका निसटलाय, म्हणून अरुंद होतंय, असं काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं. पण टाके शहाण्यासारखे सगळे जागेवर. समोरच्या बाईंनी "छान होतंय हो" म्हटलं. समोरच्या बाई नेहमी छानच म्हणतात, त्यांना काय, त्यांना चिपळूणला उतरायचं असतं.

गंमत म्हणजे टेप माझ्या पिशवीतच होती. अख्ख्या प्रवासात ती काढायचं काही माझ्याच्यानं झालं नाही.

उलट स्पीड वाढला. शंका आल्यावर माणूस हळू होईल ना, पण नाही, मी रात्री अकरा-अकरापर्यंत विणायला लागले. जितकं जास्त होईल तितकं उसवायला कुणी सांगणार नाही असा काहीतरी हिशोब डोक्यात असणार. सासूबाई एकदा जाता जाता बोलल्या, "अगो, ही पाठ कुणाची? बाहुलीची?" मी म्हटलं धुतल्यावर सैल होईल. आता खऱ्या लोकरीचं विणकाम भिजवून, ताणून वाळवलं तर थोडं पसरतं हे मी कुठेतरी ऐकलेलं, पण अ‍ॅक्रिलिक नुसतं भिजवून काही ऐकत नाही, तेही मला माहीत होतं. तरी म्हटलं.

कारण कळलं ते असंच, व्हिडिओ परत बघताना. पॅटर्न एका अमेरिकन बाईंचा. त्या म्हणतात साइझ 8 ची सुई, मी घरातली 8 नंबरची घेतली, आईची, वर आकडा कोरलेला. पण आपल्याकडे जुना इंग्लंडचा नंबर चालतो, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते, आणि अमेरिकेत आकडा वाढला की जाड. आपली 8 म्हणजे 4 मिलिमीटर, त्यांची 8 म्हणजे 5. त्यात कहर म्हणजे आपली 8 ही त्यांची 6 आणि आपली 6 ही त्यांची 8! हे वाचल्यावर मी बराच वेळ दोन्ही सुया हातात घेऊन बसले. त्यांचे 10 सेंटीमीटरमध्ये 18 टाके, म्हणजे 90 टाक्यांची पाठ 50 सेंटीमीटर. माझे बसतायत 22. म्हणजे 41. पुढचा भाग धरून पूर्ण छाती 100 च्या जागी 82. भाची सहावीत असती तर मस्त झालं असतं.

आधी नमुना विणून टाके मोजायचे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कंटाळा केला.

आमच्या गल्लीतले एक काका ट्रॉलरवर असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सध्या ते पडवीत जाळं पसरून दुरुस्ती करत बसलेले असतात. मी सहज शेजारी टेकले आणि रडगाणं सांगितलं. त्यांनी हातातली लाकडी पट्टी दाखवली, प्रत्येक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, त्या पट्टीवरच घ्यायचा म्हणजे सगळे एका मापाचे येतात. आणि जाळ्यात प्रत्येक ठिकाणी गाठ, फाटलं तर तेवढंच कापून नवीन भरायचं, बाकीचं जाळं हलत पण नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यात गाठ नाय?" नाही हो काका, आमच्यात एकच धागा, एक टोक ओढलं की सगळं शेवटापर्यंत येतं. ते म्हणाले, "मग बरं की. कापायला नको."

घरी येऊन हिशोब केला. मुंढ्यापर्यंत 108 ओळी, गुणिले 90, म्हणजे 9720 टाके. रुंदी वाढवायला बाजूंना कळ्या, म्हणजे जोडपट्ट्या, घालू का? उशीचा अभ्रा करू का? त्यात उसवलेली लोकर शेवयांसारखी वेडीवाकडी होते, ती भिजवून टांगायची म्हटलं तर या हवेत साधा टॉवेल तीन दिवस वाळत नाहीये.

शेवटी टेप काढली. 41. जरा ओढून धरलं, 44. सोडलं, 41.

मग भाचीला फोन लावला. म्हटलं, "काय गं, बारीक झाली असशील ना तिकडे? चढ-उतार करून?"

"कसली गं मावशी, इथले पराठे आणि राजमा! माझ्या सगळ्या जीन्स टाइट झाल्यात."

फोन ठेवला. सासूबाईंनी ऐकलं असणार, काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून तिची पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, "काढ ती सुई. तू ओढ, मी गुंडाळते."