एक ओळ लूपच्या वर नेली आणि...

नाशिकला सातपूरमधे आमचं छोटं ऑफिस आहे, फाउंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, साच्यात ओतलेला धातू कुठे किती वेळात थंड होईल ते काढणारं. मेन लूप, म्हणजे तेच गणित पुन्हा पुन्हा करणारा कोड, ओपनएमपीने (काम वाटून एकाच वेळी करवून घेणारी सोय) ८ थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ८ कामकऱ्यांवर, वाटलेला. मधे जीसीसी हा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) अपडेट केला आणि बिल्डच अडलं, कारण वॉर्निंग आली की एरर समजायची असा फ्लॅग लावलेला, आणि वॉर्निंग काय तर फ्लक्स (उष्णतेचा प्रवाह) हे व्हेरिएबल व्हॅल्यू न देताच वापरलं जाऊ शकतं.

नव्हतं जाऊ शकत, दहादा वाचला मी कोड. सेल (गणितासाठी पाडलेला छोटा तुकडा) कडेचा असेल तरच फ्लक्स काढायचा, खाली पुन्हा तीच अट बघून वापरायचा. पण मधे एक फंक्शन कॉल आहे, त्यात ओपनएमपीमुळे कंपायलर तो लूप उचलून वेगळं फंक्शन बनवतो, बाहेरचा डेटा पॉइंटरमधून येतो, मग मधल्या कॉलने अट बदलली नाही हे त्याला कळणार कसं? त्याचा दोष नाही म्हणा.

संध्याकाळी टीममधला पोरगा म्हणाला, "दादा, वर झिरो देऊन टाकला, वॉर्निंग गेली." रिलीज द्यायचं होतं, मी बदल बघितलाच नाही. चुकलंच माझं.

सकाळी क्लायंटचा फोन, एकच जॉब तीनदा चालवला तर तीन उत्तरं. आधी वाटलं रिडक्शनमधे, म्हणजे सगळ्यांची उत्तरं एकत्र करताना, थ्रेडच्या बेरजेचा क्रम बदलतो त्याचं असेल, पण तो फरक बाराव्या-तेराव्या आकड्यात असतो, इथे एकदा ६१२ अंश आणि एकदा ६१८! एकाच थ्रेडवर चालवलं की दर वेळी बरोबर.

मग डिफ (कोडमधे काय बदललं ते दाखवणारा) उघडला. फ्लक्स डिक्लेअर केल्याची ओळ लूपच्या आतून काढून प्रॅग्माच्या (कंपायलरला दिलेली सूचना, इथे लूप वाटण्याची) वर नेलेली. आत होती तोवर प्रत्येक थ्रेडचा फ्लक्स वेगळा होता, वर गेल्यावर तो शेअर्ड झाला, म्हणजे आठ जण एकाच पाटीवर लिहितायत आणि एकमेकांचं पुसतायत. पोरगा म्हणाला प्रायव्हेट लावू का, पण प्रायव्हेटमधे थ्रेडला कोरी कॉपी मिळते, वरचा झिरो आत येतच नाही, वॉर्निंग परत हजर.

ओळ परत आत घेतली आणि झिरोऐवजी नॅन (‘हा आकडाच नाही’ असं सांगणारी व्हॅल्यू) दिला. झिरो उत्तरात मिसळून जातो, तापमान पटण्यासारखं दिसतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. नॅन मात्र कधी खरंच वापरला गेला तर पुढच्या सगळ्या बेरजा नॅन होतात, लगेच दिसतं (वेगासाठी ‘नॅन येणारच नाही’ असं धरणारा फास्ट-मॅथ फ्लॅग असेल तर यावर विसंबू नका, आम्ही तो लावत नाही). वॉर्निंग त्या ओळीपुरती प्रॅग्माने बंद करता आली असती, पण उद्या तिथे खरी चूक झाली तर तीही दबली असती, म्हणून नको म्हटलं.

आणि लूपवर डिफॉल्ट नन लावलं. ते आधीच असतं तर ती ओळ वर नेल्यावर कंपायलरनेच विचारलं असतं की हे शेअर्ड का प्रायव्हेट, बिल्ड पुढे गेलंच नसतं.

बाकीच्या लूपना ते लावायचं काम पोराने स्वतःहून घेतलं. रात्री नऊला त्याचा फोन, "दादा, अजून एक सापडलं." सगळ्यात जास्त तापमान धरून ठेवणारं व्हेरिएबल, आठही थ्रेड त्यात लिहीत होते, तेही लॉकशिवाय (एका वेळी एकानेच लिहावं अशी सोय), आणि त्याच्यावर एकही वॉर्निंग कधी आली नव्हती.