मूळ प्रदेशाचा रकाना

नाणेघाटातल्या लेण्यात शिलालेखांचे ठसे घ्यायला गेलो होतो. ठसा म्हणजे फोटोइतकं सोपं काम, असं कार्यालयातल्यांना वाटतं. आधी मऊ ब्रशनं अक्षरांतली माती काढायची, ओला कागद दगडावर बसवायचा आणि ठोकत ठोकत खाचांत शिरवायचा. मग थांबायचं. कागद ओला असताना शाई लावली की फुटते, फार सुकला तर कागद भिंत सोडतो. ही वेळ घड्याळावर कळत नाही, पालथा हात ठेवून पाहावी लागते. जमलं की अक्षर पांढरं, भोवती सगळं काळं. त्यात सुट्टीला आलेल्या मंडळींनी कोरलेले बदामही तितकेच स्वच्छ उठतात!

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. आता पायांचे तुकडे उरलेत आणि वर कोरलेली काही नावं. पहिलं ‘राया सिमुक सातवाहनो’. हा घराण्याचा मूळपुरुष. पुराणांच्या पोथ्या उतरवणाऱ्यांनी त्याचं शिशुक, सिंधुक, शिप्रक, काय वाट्टेल ते केलं. पुढे नागनिका राणी आणि तिचा नवरा सातकर्णी, मग ‘महारठि त्रनकयिरो’, बहुतेक राणीचा बाप. आणि शेवटी ‘कुमारो सातवाहनो’. ज्याला आपण कुळाचं नाव म्हणतो, ते इथं घरातल्या एका पोराचं आहे.

पाणी आणून देणारा घाटघरचा पोरगा ‘महारठि’वर अडला. “सर, म्हणजे हे आपलेच की! मराठे.”

सोबत हैदराबादचा एक संशोधक होता. त्याला मराठीतलं तेवढं कळलं. सिमुकाची नाणी तेलंगणात, गोदावरीकाठी कोटिलिंगालाला सापडली आहेत, पुराणंही या राजांना आंध्र म्हणतात, हे त्यानं पोराला हिंदीत ऐकवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण या राजांच्या स्वतःच्या एकाही लेखात ‘आंध्र’ हा शब्द येत नाही, हेही खरं. मी ते बोललो, तर तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मी पोराच्या बाजूचा. त्याला बल्लारीकडच्या म्याकदोनीच्या लेखाची आठवण दिली. त्यात ‘सातवाहनिहार’ नावाचा प्रदेश आहे, त्यावरून घराणं कर्नाटकातलं ठरवणारेही आहेत. मग दोघंही माझ्यावर नाराज.

नावाच्या अर्थानं काही सुटेल म्हणावं, तर तिथंही गोंधळच. सात नावाच्या यक्षाच्या पाठीवर बसलेलं पोर तो सातवाहन, अशी कथासरित्सागरातली गोष्ट. कुणी ‘सप्तवाहन’ म्हणून सूर्याच्या घोड्यांपर्यंत जातं, तर एका युरोपीय पंडितानं मुंडा भाषेतून ‘घोड्याचा पुत्र’ काढला. जातीचं तर विचारूच नका. नाशिकच्या लेण्यात याच घराण्याची राणी गौतमी बलश्री आपल्या मुलाला ‘एकबम्हण’, म्हणजे एकमेव ब्राह्मण म्हणते, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा म्हणते. भागवत पुराण घराण्याच्या पहिल्या राजाला सरळ वृषल, म्हणजे शूद्र ठरवतं. व्याख्यानाला गेलो की पहिला प्रश्न हाच येतो. लोकांना इतिहास नको असतो, सातबारा हवा असतो.

मला वाटतं, ही माणसं आपल्याइतकी अडलेली नव्हती. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेतला मजकूर आहे. नाव आईवरून लावायचं आणि राज्य चालवायचं. महारठि सासरा आहे, तर त्यालाही कुटुंबाच्या रांगेत उभं करायचं.

हे सगळं त्या पोराला सांगितलं असतं, पण कागद सुकत आला होता.

परत येऊन अहवाल लिहिला. आमच्या छापील नमुन्यात ‘राजवंश’ आणि ‘मूळ प्रदेश’ असे दोन रकाने असतात. पहिल्यात ‘सातवाहन’ लिहिलं, दुसऱ्यात ‘अनिर्णित’. अहवाल परत आला. वरिष्ठांचा लाल शेरा : ‘अनिर्णित चालणार नाही, एक प्रदेश नमूद करावा.’ मी खाली सिमुकाच्या नावाच्या ठशाची प्रत जोडली, ‘अनिर्णित’ तसंच ठेवलं आणि फाईल पुन्हा वर पाठवली. अजून उतरलेली नाही.