हर्णैला मराठी शिकलेला साहेब

शिमग्याला गावी गेलो की संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा, हा माझा जुना नेम. या खेपेला डोक्यात एक वेगळंच खूळ होतं.

माझं ऑफिस मुंबईत फोर्टात. लायन गेटजवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चवरून रोजचं जाणंयेणं. मुंबईतल्या स्कॉटिश लोकांनी १८१९ साली उभं केलेलं हे प्रेस्बिटेरियन चर्च. या पंथात वर बिशप नाही. चर्चच्या मंडळीतून निवडलेले ‘वडील’ आणि पाळक, म्हणजे पाद्री, मिळून कारभार बघतात. आपली गावकीच म्हणा ना! आणि गावकी म्हटली की भांडण आलंच. पाळक नेमायचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, यावरून १८४३ साली स्कॉटलंडात चर्च फुटलं. मुंबईतले मिशनरी फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या बाजूला गेले आणि उभी राहत असलेली शाळेची नवी इमारत त्यांच्या हातून गेली.

पण या मिशनऱ्यांचं पहिलं ठाणं मुंबई नव्हे, आमची किनारपट्टी! हे मला पन्नाशीत कळलं, याची जरा लाजच वाटते. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल आला. मन पुण्यावर होतं, पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झालेली. पुण्यात पाद्री नकोत, असं गव्हर्नर एल्फिन्स्टनचं मत. मग बाणकोट. मिचेल त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात शाळा काढल्या. शिकवायला पंतोजी मात्र आपलेच, बहुतेक ब्राह्मण.

१८२९ साली यांच्यातलाच मिशनरी जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. विल्सन तेव्हा चोवीस वर्षांचा. काही महिन्यांत गडी मराठीत प्रवचन द्यायला लागला! नंतर मुंबईत त्याने १८३१ला देशी ख्रिस्ती मंडळी स्थापली आणि १८३२ला शाळा काढली. तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं.

तर हा विल्सन हर्णैत राहायचा कुठे, हे माझं खूळ. आतेभावाला विचारलं. तो म्हणाला, “साहेब इथे पैशाला पासरी होते. तुला त्यातला नेमका कुठला हवाय?” शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी आधी दीपगृहाकडे बोट दाखवलं, मग विचार करून हर्णैच्याच गोवा किल्ल्याकडे.

तेवढ्यात सुवर्णदुर्गाच्या बाजूने होड्या लागल्या. पुळणीवर पाट्या उतरल्या आणि पुकारा सुरू झाला. पापलेटच्या पाटीवर एका मावशीने धडाधड आकडे चढवत नेले. माझा जन्म इथला, तरी निम्मे माझ्या डोक्यावरून गेले. विल्सनने व्याकरण घोटलं असेल, शास्त्रीबुवांकडून शब्द घेतले असतील. पण हे?

आतेभावाने मान हलवली. पाटी आमची झाली होती. कितीला, ते मला घरी गेल्यावर कळलं.