तुम्ही विचारलंत म्हणून: दसरा ते पाडव्याचे टायर

गणपती उठले की इथे म्युनिकमध्ये मला फोन यायला लागतात. विसर्जनाच्या जेवणाला कुणीतरी माझी गाडी बघितलेली असते. बुटकी, दोन दारांची, सेकंडहँड घेतलेली बीएमडब्ल्यू एम-टू कॉम्पिटिशन. 410 हॉर्सपॉवर, 550 न्यूटन-मीटर टॉर्क आणि हे सगळं फक्त मागच्या दोन चाकांना. मग प्रश्न येतो, "ताई, हिला थंडीत कुठले टायर घालता? की हिवाळाभर झाकूनच ठेवता?"

झाकून ठेवत नाही. रोज ऑफिसला नेते. टायरचं मात्र एका नावात उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझी फजिती. पहिल्या वर्षी मी ऑक्टोबर संपत आला तरी उन्हाळी टायरांवरच फिरत होते. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाला टायर झिजला की बदलायचा एवढंच ठाऊक. ऋतू बदलला म्हणून बदलायचा, हे मला चोचले वाटायचे. एका सकाळी तापमान 2 अंश होतं. बर्फाचा पत्ता नाही, रस्ता नुसता दमट. घरापासून दोन किलोमीटरवर एक गोल चौक आहे, तिथून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये नेहमीइतकाच पाय दिला आणि मागची बाजू अशी सरकली, जणू कुणी गाडीखालची सतरंजी ओढली. इलेक्ट्रॉनिक्सने सावरलं. मागच्या बसच्या ड्रायव्हरने दिवे मारले, मी हात दाखवला आणि उरलेला रस्ता लायसन्स मिळाल्याच्या पहिल्या दिवसासारखा काढला.

तेव्हा पहिली गोष्ट कळली, की हा विषय बर्फाचा नंतर आणि थंडीचा आधी आहे. आपल्याकडे हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसंच काहीसं उन्हाळी स्पोर्ट टायरच्या रबराचं होतं. ते खडीच्या बारीक खाचांत शिरून रस्ता पकडतं आणि शिरायला मऊ असावं लागतं. गार पडलं की कडक होतं आणि रस्त्याच्या वरवरच राहतं. जितका टायर ट्रॅककडे झुकलेला, तितका तो लवकर कडक होतो; काही तर शून्याच्या बऱ्याच खाली नुसते हलवले तरी चिरू शकतात. हिवाळी टायरचं मिश्रण असं असतं, की थंडीतही ते लवचिक राहतं. जाळीवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फात उघडतात आणि कडांनी धरतात. शिवाय मोठ्या खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ चिकटतो. म्हणून खाचांत बर्फ भरलेला दिसला तर काटकीने काढत बसू नका, तो कामावर आहे.

इथे सगळे 7 अंशांचं तोंडी गणित सांगतात: त्याखाली हिवाळी, त्यावर उन्हाळी. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. कोरड्या रस्त्यावर 5 अंशाला साधा उन्हाळी टायर हिवाळीपेक्षा आधी थांबू शकतो. पण सकाळी 1 अंश, दुपारी 9, संध्याकाळी पाऊस, अशा दिवशी डिक्कीत दुसरा सेट घेऊन कोण फिरणार? जर्मन लोक 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. मी त्याचं दसरा ते पाडवा केलंय. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, आणि त्याच आठवड्यात टायर. पाडवा मार्चमध्ये आला की माझं पंचांग फसतं, तेव्हा आणखी दोन-तीन आठवडे कळ काढते.

आता ताकदीचं. "एवढं इंजिन आहे, बर्फातून ओढून काढेल की!" असं म्हणणारे काका दर वर्षी भेटतात. त्यांच्यासाठी हिशेब केलाय. माझ्यासकट गाडी साधारण 1,650 किलो, त्यातलं निम्म्याच्या आसपास वजन मागच्या चाकांवर. दाबलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरचा घर्षणांक 0.3 धरला तर मागची चाकं मिळून अडीचशे किलोभाराएवढाच जोर रस्त्यावर टाकू शकतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण भरात असताना चाकांपाशी येतो दोन टनांहून अधिक. म्हणजे दहातले जवळपास नऊ भाग चाकं जागीच फिरवण्यात जाणार. बर्फावर माझी एम-टू आणि शेजाऱ्यांची 75 हॉर्सपॉवरची पोलो एकाच लायकीच्या, किंबहुना त्यांची बरी, कारण त्यांच्या पायाला चूक करायला वाव कमी.

चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्यांचे मालक इथे हसतात. त्यांना सुटताना फायदा असतो, कबूल. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. घर्षण निम्मं झालं की थांबायला दुप्पट अंतर लागतं. गाडी कुठल्या चाकांनी पळते, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

मग कुठला टायर? हिवाळी टायर ही एक जात नाही. उत्तरेकडचे, स्वीडन-फिनलंडसाठी बनवलेले टायर फार मऊ असतात आणि बर्फावर सुंदर धरतात, पण ओल्या डांबरावर आणि ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या हायवेच्या, वेगाला ते या गाडीखाली खीर झाल्यासारखे वागतात. म्युनिकचा हिवाळा म्हणजे पोस्टकार्डावरचा बर्फ नव्हे. बहुतेक दिवस राखाडी, ओले, मीठ टाकलेले रस्ते, आणि मधूनच चार दिवस पांढरे. त्यामुळे मी मध्य युरोपसाठीचा स्पोर्ट हिवाळी टायर घेते: मिशलिनचा पायलट अल्पिन, कॉन्टिनेन्टलचा विंटरकॉन्टॅक्ट टीएस 860 एस, पिरेलीचा सोट्टोझेरो, या पंक्तीतले. त्यांच्यातला फरक, खरं सांगायचं तर, तुम्ही ते वेळेवर बदलता की नाही याच्यापुढे किरकोळ आहे. तुमच्या मापात काय मिळतं, यावरच निम्मा निर्णय होतो. गाडी बनवणाऱ्याने तपासलेल्या टायरवर खूण असते, बीएमडब्ल्यूची चांदणी, पोर्शेचा 'एन'. मिळाला तर तो घ्यावा.

मापाचंही सांगते, कारण इथेच हौस नडते. उन्हाळ्यात माझ्या गाडीला 19 इंची रिमवर पुढे 245 आणि मागे 265 मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. हिवाळ्यात रुंदी हा दागिना नाही. अरुंद टायर पातळ चिखल-बर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. म्हणून गाडीच्या कागदांत मंजूर असलेलं सगळ्यात लहान रिम आणि अरुंद माप बघावं, पण मोठे ब्रेक आत मावले पाहिजेत, आणि या गाड्यांत तिथेच गाडी अडते. लहान रिमचा आणखी एक फायदा म्हणजे टायरची भिंत उंच मिळते, वितळत्या बर्फाने पडलेल्या खड्ड्यात रिम वाचतं. पाहुण्यांना बर्फ दाखवायला ऑस्ट्रियाच्या डोंगरात नेणार असाल तर बर्फासाठी चाकांवर चढवायची चेन कुठल्या मापावर चालते, हेही गाडीच्या पुस्तकात आधी वाचा. तिकडे 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लागतात आणि त्यांची जाळी निदान 4 मिलिमीटर खोल हवी. जर्मनीत कायद्याने 1.6 चालते, पण 4 च्या खाली गेलेला हिवाळी टायर मी तरी ठेवत नाही.

जर्मनीत तारखांची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. रस्त्यावर बर्फ किंवा दवाचा गोठलेला थर असेल आणि टायर योग्य नसेल तर 60 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वहीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या चुकांच्या सरकारी नोंदीत, एक पॉइंट. योग्य म्हणजे बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेला. ऑक्टोबर 2024 पासून नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. जुने टायर स्वस्तात घेताना बरेच जण इथे फसतात.

टायरवरचं कमाल वेगाचं अक्षरही पाहा. 'व्ही' म्हणजे ताशी 240 किलोमीटर, 'डब्ल्यू' म्हणजे 270. माझ्या गाडीचा वेग 250 ला बांधलेला आहे आणि माझे हिवाळी टायर 'व्ही', म्हणून ड्रायव्हरच्या नजरेसमोर 240 चं स्टिकर लावावं लागतं. बाबा आले होते तेव्हा ते वाचून म्हणाले, "ही मर्यादा आहे की टार्गेट?"

ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर, का नाही? लहान गाडी असेल, शहरातच फिरत असाल, तर जरूर घ्या, मीच सुचवते. पण या गाडीचा उन्हाळा मला कुणाशी वाटून घ्यायचा नाही. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असंही नाही, कारण एक झिजतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. जास्तीचा खर्च रिमचा, हवेच्या दाबाच्या सेन्सरांचा, आणि ठेवायच्या जागेचा. इथे टायर-हॉटेलं असतात, तिथे टायर सहा महिने मुक्काम करतात. भारतातून आलेल्या कुणालाही हे सांगितलं की पाच मिनिटं करमणूक होते.

आणि एवढं सगळं करूनही 2 डिसेंबर 2023 ला, म्युनिकचं विमानतळ बंद पडलं त्या शनिवारी, माझी गाडी दारातच होती. जमिनीपासून इतकी कमी उंची असलेली गाडी गुडघ्याएवढ्या बर्फात गेली की पुढचा बंपर नांगर होतो. तिथे टायर काय करणार?

माझे टायर आता घरच्या तळघरातच असतात. एका वर्षी गॅरेजने डावी-उजवी चाकं अदलाबदल करून बसवली. माझ्या टायरांवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो उलटा झाला, आणि घरी येऊन बघितल्यावर परत जावं लागलं. तेव्हापासून काढलेल्या प्रत्येक चाकावर मी खडूने लिहून ठेवते: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. गॅरेजमधल्या पोराला अर्थातच ते वाचता येत नाही. म्हणून दसऱ्याच्या आठवड्यात मी तिथे उभी असते, तो एकेक चाक उचलून माझ्याकडे बघतो आणि मी बोट दाखवते. गेल्या वेळी 'मा.डा.' त्याने स्वतःच बरोबर जागी नेलं.